द्रोणभर काटवलाची फुलं

"एऽऽ! थांब! माझी मेथी कुठी आहे?"

हे मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. गोष्टींमधल्या मुली पहिल्या भेटीत पापण्या लववतात, ओढणी सावरतात... मी हातात पाण्याचा डबा घेऊन, केस विंचरायच्या आधी, गळा फाडून ओरडले होते.

मार्चची सकाळ होती. अजून पुरतं उजाडलंही नव्हतं. आम्ही दोन दिवस वरोऱ्याला मावशीकडे जाऊन रात्रीच परतलो होतो आणि मी उठल्या उठल्या माझ्या वाफ्याकडे धावले होते. वाफा नव्हता. मोहाच्या झाडाखालची सगळी जमीन काळी पडलेली, राखेचा वास, आणि त्या काळ्यावर टपटप पडलेली पिवळसर मोहफुलं. मधोमध उकिडवा बसून एक मुलगा ती फुलं टोपलीत वेचत होता. जसं काही अंगण त्याचंच आहे!

"कोणती मेथी?" त्याने मान वर केली.

"इथली! हिरवीगार! दोन-दोन पानं आली होती तिले."

त्याने हातातल्या फुलाकडे पाहिलं. मग काळ्या जमिनीकडे. मग त्याचा चेहरा असा काही पडला, की मला हसूच आलं असतं - राग आला नसता तर.

"बाप्पा... ते मेथी होती का? मले वाटलं, गवत आहे. पाला जाळला ना आमी परवा..."

"तू माझी मेथी जाळली?"

"मोह वेचाचा म्हणजे खालचा पाला जाळाच लागते. नाई तं फुलं दिसत नाई. दरसाली जाळतो."

"आमच्या अंगणात येऊन?"

"आंगण तुमचं असन," तो अगदी शांतपणे म्हणाला, "झाड आमचं आहे."

आता हे ऐकून कोणाचं डोकं फिरणार नाही? मी घरात धावत गेले, बाबांना उठवून आणलं. आणि तिथेच आम्हाला या गावची रीत पहिल्यांदा कळली. इथे जमीन एकाची असते आणि तिच्यावरचा मोह दुसऱ्याचा. आजोबा-पणजोबांपासून कोणतं झाड कोणत्या घराचं, हे ठरलेलं. जमीन विकली तरी झाड विकलं जात नाही. फुलं पडायला लागली की झाडाचा मालक येतो, खालचा पाला जाळतो, पहाटेपासून वेचतो आणि जातो. आम्हाला जागा विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. त्याला बहुतेक वाटलं असेल, यात सांगायचं काय? हे तर सगळ्यांनाच माहीत असतं!

सगळ्यांना म्हणजे... आम्ही सोडून. बाबा लाइनमन. धानोऱ्याच्या पुढच्या या जंगलातल्या गावात त्यांची बदली झाली आणि भाड्याचं घर मिळेना, म्हणून त्यांनी ही कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घराची जागा घेतली. घर छोटं, आवार मोठं, आणि आवारात नुसती झाडं - ऐन, बेहडा, चार-सहा टेंभुर्णी आणि घराच्या दक्षिणेला हा अवाढव्य मोह. बाबांना गारवा आवडला. आईला नाही. वरोऱ्याला आमच्या घरामागे उघडी काळी माती होती, त्यात आईचे टमाटे, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर... इथे आल्यापासून ती दारात उभी राहून वर बघायची आणि म्हणायची, "या घराले ऊनच नाई. मी काय सावली शिजवू?"

म्हणून मी फेब्रुवारीत सगळं आवार हिंडून एकुलती एक उन्हाची जागा शोधली होती. मोहाखालची! आईसाठी. आणि तीच जाळली गेली.

"एक सांगू का?" जाताना तो मुलगा हळूच म्हणाला. "बरंच झालं जळली तं."

"काय?"

"आता झाडाले पानं नाई म्हणून ऊन दिसून राह्यलं तुले. मोह झडला की मग पानं फुटते. मे महिन्यात पाह्य, इथी दुपारी बी अंधार असते." मग टोपली उचलत... "नाव काय तुयं?"

"संघप्रिया."

"एवढं मोठं?"

"तुयं काय?"

"खुशाल."

"हो, दिसूनच राह्यलं! दुसऱ्याची मेथी जाळून खुशाल बसला आहेस!"

तो हसला. काय सांगू... कोवळ्या मोहफुलांचा तो गोड, जरासा उग्र वास आजही कुठे आला ना, की मला आधी ते हसू आठवतं, झाड नंतर.

---

खरा घोळ एप्रिलमध्ये झाला. झाडाला तांबूस कोवळी पानं फुटली, दिसता दिसता मोठी झाली आणि खुशाल म्हणाला होता तसंच झालं. उजेडाचा तुकडा आटत आटत गेला. आई आणखी गप्प झाली. एक दिवस बाबा म्हणाले, "हा मोहच काढून टाकू. परवानगीचं मी पाहतो." बाबांचं कामच असं, की तारेजवळ फांदी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात.

झाड दुसऱ्याचं, म्हणून ते विचारायला खुशालच्या घरी गेले. मीही मागे गेले. त्याची आजी, गिरजाबाई, अंगणात वाळलेला मोह पोत्यात भरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"झाड माहं हाये भाऊ, सावली तुमची."

"सावलीच नको ना बाई आम्हाले!" बाबा म्हणाले.

आजी हसली, पण डोळ्यांनी नाही. "तुमाले तकलीफ होत असन तं तोडा. भांडण नाई करत मी. ते झाड गेलं, की आमचं बी तुमच्या आंगनात येनं सरलं."

आमचं येणं सरलं... मी खुशालकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. महिनाभर तो रोज पहाटे आमच्या अंगणात होता. मी रोज पहाटे उठत होते. आई म्हणायची, पोरगी अभ्यासाला उठते. हो, अकरावीच्या पुस्तकाचं एक पान उघडून मी खिडकीत बसायचे खरी. तेच पान. महिनाभर.

घरी आल्यावर मी आईला म्हणाले, "आई, सावलीत भाजी काढून दाखवली तं?"

"सावलीत फक्त डास निघते."

"पण निघाली तं?"

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. बाबांकडेही. मग म्हणाली, "पोळ्याच्या दिवशी पूर्ण जेवण आपल्या अंगणातल्या भाजीचं झालं पाहिजे. विकतचं पान सुद्धा नाई. झालं तं झाड राहू दे. नाई झालं तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तोडा."

"कबूल!" मी बाबांच्या आधीच ओरडले. वरोऱ्यात असताना वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही माझा आवाज घशात राहायचा. इथे काय झालं होतं कोण जाणे, माझा आवाजच मावत नव्हता मला!

---

मग सुरू झाला आमचा ऊन शोधायचा उन्हाळा.

खुशालची बारावी झाली होती, निकाल यायचा होता. माझी सुट्टी. युक्ती माझी होती: सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन जिथे जिथे जमिनीवर उतरतं, तिथे तिथे काडी रोवायची. ज्या जागी काड्या जास्त, तो वाफा. सकाळी तुकडा टेंभुर्णीखाली, दुपारी विहिरीजवळ, मग कुंपणाशी. आम्ही त्याच्या मागे मागे. माझी मैत्रीण नंदिनी एकदा आली आणि कपाळावर हात मारून बसली.

"मे महिन्यात लोक सावली हुडकते. तुम्ही दोघं ऊन हुडकून राह्यले? डोकं गरम झालं का तुमचं?"

"तिचं आधीपासून आहे," खुशाल म्हणाला.

"आणि तुयं?" मी विचारलं.

"माहं मार्चपासून."

मी काडी रोवायला खाली वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले... कान गरम झालेले दिसू नयेत म्हणून.

पाऊस लागल्यावर आम्ही पेरलं. विहिरीच्या ओल्या काठाला धोप्याचे कंद - वरोऱ्यालाही आम्ही अळूला धोपाच म्हणतो. कुंपणाला बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा. टेंभुर्णीखाली सांभार. खुशालने छाती फुगवून सांगितलं, "भेंडी लाव. भेंडीले काही होत नाई." आणि भेंडी अशी वाढली... अशी वाढली... उन्हाला शोधत नुसती उंचच उंच, वाळक्या काडीसारखी, आणि एका सकाळी सगळी आडवी.

"काही होत नाई ना भेंडीले?" मी कमरेवर हात ठेवून म्हणाले.

"झोपली आहे. उठन."

"आणि तू म्हणशील ते मी ऐकीन?"

"तुये टमाटे पाह्य ना. फुलावर फूल, टमाटा एक नाई. फुलाचीच भाजी कर."

टमाट्याचं खरं होतं. बरबटी मात्र भरात आली आणि एका दुपारी माकडांच्या टोळीने येऊन वेलासकट ओरबाडून नेली. मी पावसात उभी राहून रडले. खुशाल डोक्यावरचं इरलं काढून माझ्या डोक्यावर ठेवून, स्वतः भिजत तुटलेले वेल गोळा करत राहिला. आई दारातून पाहत होती. त्या संध्याकाळी तिने त्याला आत बोलावून चहा दिला. आमच्या घरात, बसून, पहिल्यांदा.

आता हातात राहिला धोपा, सांभार आणि काटवल.

काटवलाचा कंद त्याने जंगलातून आणून ऐनाच्या बुंध्याशी लावला होता. रानातली भाजी, कोणी तिला करटोलीही म्हणतं; तिला अर्धी सावलीच लागते. वेल ऐनावर सरसर चढली, फिकट पिवळी फुलं आली, प्रत्येक फुलाच्या खाली चण्याएवढं काटेरी काटवलाचं पिल्लू... आणि दोन दिवसांत पिवळं पडून गळून जायचं. रोज. सगळं.

पोळा जवळ आला होता. बाबांनी कुऱ्हाडीला धार लावून आणली होती. मी वेलीखाली बसून एक गळलेलं फूल उलटसुलट करत होते आणि मला अचानक आमच्या जीवशास्त्राच्या मॅडम आठवल्या.

"खुशाल! ही मादी आहे!"

"कोण?"

"वेल! काटवलाची नर वेल वेगळी असते, मादी वेगळी. फुलाखाली पिल्लू आहे म्हणजे ही मादी. आणि इथे नर..." मी थांबले.

"नर काय?"

"...नर नाही."

तो एकदा वेलीकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले. माझे तर केव्हाच झाले होते. कुठे पाहावं ते कळेना. शेवटी आम्ही दोघांनी अगदी लक्ष देऊन विहिरीकडे पाहिलं.

"मंग..." तो घसा खाकरून म्हणाला, "नराचं फूल आणलं तं?"

"आणलं आणि ह्या फुलाले लावलं तं फळ धरन."

"मी आणतो."

काटवलाचं फूल दिवेलागणीला उमलतं. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी, उजेड मावळता मावळता, खुशाल जंगलाच्या वाटेने यायचा. पायांना चिखल, शर्ट ओला, आणि दोन्ही हातांत धरलेला पळसाच्या पानांचा द्रोण. द्रोणात नुकती उमललेली पिवळी फुलं. पाऊस असला तर द्रोणावर दुसरं पान. तो फूल माझ्या हातात द्यायचा, मी ते वेलीवरच्या फुलाला हलकेच टेकवायचे. एक झालं की दुसरं. पानांवरून थेंब टपटपायचे, कुठेतरी बेडूक ओरडायचे, आणि माझी बोटं उगाच थरथरायची...

"हात काऊन हलते तुया?"

"थंडी आहे."

"मले तं नाई वाटत."

"तुले काहीच नाही वाटत."

"वाटते ना," तो द्रोणात पाहत म्हणाला. "सांगता येत नाई."

गावात चर्चा व्हायची ती झालीच. लाइनमनच्या पोरीला गिरजाबाईचा खुशाल रोज फुलं देते! नंदिनी धावत सांगायला आली. मी म्हणाले, "अवं, भाजीसाठी आहेत ती!" नंदिनी पोट धरून हसली. "भाजीसाठी! बरं बाई, भाजीसाठी." आणि बाबांच्याही कानावर गेलं. ते संध्याकाळी ऐनाखाली येऊन उभे राहिले, आम्हाला फुलाला फूल लावताना पाहिलं, वेलीवर न गळलेली, बोराएवढी झालेली काटवलं बोटाने हळूच उचलून पाहिली... आणि "हं" म्हणून आत गेले. त्या "हं"चा अर्थ लावत मी रात्रभर तळमळले.

---

पोळ्याच्या सकाळी मी आणि आईने काटवलं तोडली. खूप नव्हती, पण तीन ताटांना पुरतील एवढी होती. आईने धोप्याची पानं, देठ चिरून चण्याची डाळ घालून पातळ भाजी केली. काटवलं तेलावर कुरकुरीत परतली. सांभाराची हिरवी चटणी वाटली. विकतचं एक पान नाही. मी बाबांच्या समोर बसून त्यांच्या घासांकडे पाहत होते. खाली गावात बैलांच्या घुंगरांचा आवाज चालला होता, पोरं ओरडत होती.

आईने पहिला घास खाल्ला. थांबली. दुसरा खाल्ला.

"टमाटा पाहिजे होता," बाबा म्हणाले.

मी कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीकडे पाहिलं.

"काटवलात कोणी टमाटा घालते का?" आई फणकारली. "वरोऱ्यात विकत मिळायची अशी काटवलं, शिळी, पिवळी. ही पाहा कशी आहेत. वाढू का अजून?"

बाबांनी ताट पुढे केलं. बस, एवढंच!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा कंबरपट्टा बांधून, हातात कोयता घेऊन मोहाखाली उभे. मी अनवाणी धावत सुटले. "बाबा! तुम्ही शब्द दिला होता!"

"आधी ऐक तं." त्यांनी कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथे गिरजाबाई उभ्या होत्या, बाजूला खुशाल. बाबांनीच बोलावलं होतं त्यांना. "बाई," बाबा म्हणाले, "तुमच्या झाडाच्या खालच्या दोन फांद्या घेऊ का? फुलाची फांदी एक तोडत नाही. घराच्या बाजूला नुसती खिडकी पाडतो. हिच्या आईच्या टमाट्याले थोडं ऊन."

तुमच्या झाडाच्या. बाबा म्हणाले तसं. आजीने वर पाहिलं, कोणत्या दोन ते बोटाने दाखवलं. खांबावर चढतात तसे बाबा चढले. फांद्या पडल्या, आणि घराच्या दारात, आईच्या पायाशी, उन्हाचा एक पट्टा येऊन पडला.

सगळे वर पाहत होते. खुशाल मात्र माझ्याकडे पाहत होता.

"नंबर लागला," तो हळू म्हणाला. "बल्लारपूरले. आयटीआय. सोमवारी जातो."

किती आनंदाची बातमी होती! त्याला व्हायचंच होतं इलेक्ट्रिशियन, बाबांचं तारांवरचं काम पाहून तर जास्तच. मी म्हणालेही, "अरे वा!" आणि मग दिवसभर पडलेल्या फांद्यांची पानं खुडत बसले.

सोमवारी एसटीच्या फाट्यावर मी गेले, आईने दिलेला काटवलाच्या भाजी-भाकरीचा डबा घेऊन. गाडी आली. तो चढला, खिडकीत बसला. त्याने डबा घेतला, आमची बोटं डब्याच्या कडीवर जराशी एकमेकांना लागली.

"होळीच्या बादमंधी येतो," तो म्हणाला. "मोह वेचाले."

"मोह वेचाले?"

"हो. झाड आमचं आहे ना."

"फक्त झाडासाठी?"

तो डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. कंडक्टरने घंटी मारली. गाडीने घुर्र केलं. आणि मला कळलं की या मुलाला खरंच सांगता येत नाही, आणि तो असाच द्रोणात पाहत पाहत बल्लारपूरला पोचेल.

"खुशाल!" मी गाडीबरोबर चालायला लागले. "मले तू आवडते!"

"काय?" इंजिनाच्या आवाजात त्याने कानाला हात लावला.

"मले! तू! आवडते!"

गाडी थांबली. खरंच थांबली! सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. एक म्हातारी कोंबडी कवटाळून खो-खो हसत होती. कंडक्टर दारात येऊन म्हणाला, "पोरी, धानोऱ्यापर्यंत ऐकू गेलं. याले एकट्याले नाई गेलं का? का रे बाबू, जबाब दे न, टाइम होऊन राह्यला!"

खुशालचा चेहरा लालभडक. त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, इकडे तिकडे पाहिलं... पळायला जागाच नव्हती.

"मले बी," तो म्हणाला.

"जोरात!" अख्खी एसटी ओरडली.

"मले बी!"

घंटी वाजली. गाडी वळणावर जाईपर्यंत त्याचा हात खिडकीबाहेर होता, आणि मी फाट्यावर उभी राहून, लोक पाहत असताना, हसत होते की रडत होते ते मला आजही नीट सांगता येत नाही...